गोलमागे दोन पौंड: मार्कस रॅशफर्डच्या चाहत्यांनी उभारलेल्या निधीचं प्रकरण

मँचेस्टरमधल्या चाहत्यांच्या एका लहान गटाने २०२१-२२ च्या हंगामात आपल्या लाडक्या फुटबॉलपटूच्या, मार्कस रॅशफर्डच्या नावाने निधी उभा करायचं ठरवलं. त्याचा मूळ बेत कुठे अडला, हंगामाच्या मध्यावर तो कसा बदलला आणि शेवटी हाती काय आलं, याची ही नोंद आहे. ओळख पटू नये म्हणून गटाचं नाव आणि परिसर दिलेला नाही, गटाच्या रकमाही थोड्या बदलल्या आहेत. प्रमाणं मात्र तीच ठेवली आहेत. खेळाडूची कारकीर्द आणि त्याच्या मोहिमा सर्वांसमोर घडल्या, त्यामुळे ती माहिती जशीच्या तशी आहे.

पार्श्वभूमी

मार्कस रॅशफर्ड दक्षिण मँचेस्टरच्या विदनशॉ भागात वाढला. फ्लेचर मॉस रेंजर्स या मुलांच्या क्लबातून तो सात वर्षांचा असताना मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीत आला. आई एकटी घर चालवायची आणि एकापेक्षा जास्त नोकऱ्या करायची. शाळेतलं मोफत जेवण आणि सकाळचा नाश्ता यांवर आपण कसे वाढलो, हे त्याने पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितलं.

२५ फेब्रुवारी २०१६ रोजी मिट्युलँडविरुद्धच्या युरोपा लीग सामन्याआधी सराव करताना अँथनी मार्सियाल जखमी झाला आणि १८ वर्षांच्या रॅशफर्डला संघात घेतलं गेलं. त्याने दोन गोल केले. तीन दिवसांनी आर्सेनलविरुद्ध लीगमधल्या पहिल्याच सामन्यात आणखी दोन केले. त्याच वर्षी मे महिन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळताना तिसऱ्या मिनिटाला गोल. असं पदार्पण डोळ्यांदेखत पाहिलेली माणसं त्या खेळाडूला सहजासहजी सोडत नाहीत. या गटातली बहुतेक मंडळी त्यांतलीच होती.

त्याच्या समाजकार्याचा कालक्रम या प्रकरणात फार महत्त्वाचा आहे, म्हणून तो नीट पाहू. जानेवारी २०२० मध्ये वुल्व्ह्जविरुद्धच्या एफए कप सामन्यात त्याच्या पाठीची दुखापत बळावली आणि तो मैदानाबाहेर गेला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या आणि त्याने फेअरशेअर या अन्नवाटप संस्थेशी हात मिळवले. १५ जून रोजी त्याने खासदारांना खुलं पत्र लिहिलं: मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांना उन्हाळी सुट्टीतही मदत द्या. दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार घेतली. सुमारे १२ कोटी पौंडांची योजना जाहीर झाली, इंग्लंडमधली जवळपास १३ लाख मुलं तिला पात्र होती आणि प्रत्येक मुलामागे आठवड्याला १५ पौंडांची व्हाउचर मिळणार होती. युनायटेडचे सामने पुन्हा सुरू झाले ते १९ जूनला. जानेवारीतल्या दुखापतीपासून या पत्रापर्यंत रॅशफर्डने एकही सामना खेळला नव्हता.

सप्टेंबरमध्ये त्याने सुपरमार्केट आणि खाद्यकंपन्यांना सोबत घेऊन बालकांच्या अन्नटंचाईवर कृतिगट उभा केला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या याचिकेवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. २१ ऑक्टोबरला संसदेत ही मदत वाढवण्याचा प्रस्ताव ३२२ विरुद्ध २६१ मतांनी पडला. त्यानंतरच्या दिवसांत गावोगावच्या खानावळींनी, दुकानांनी आणि स्थानिक परिषदांनी मुलांना जेवण देण्याची तयारी दाखवली, आणि रॅशफर्ड त्यांची नावं एकामागून एक लोकांपर्यंत पोहोचवत राहिला. २८ ऑक्टोबरला लाइपझिगविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून त्याने हॅट्ट्रिक केली. ८ नोव्हेंबरला सरकारने दुसऱ्यांदा माघार घेतली आणि हिवाळ्यासाठी १७ कोटी पौंड मंजूर केले.

मग ११ जुलै २०२१. युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात केवळ पेनल्टीसाठी त्याला शेवटच्या क्षणी उतरवलं गेलं आणि त्याचा फटका खांबाला लागला. समाजमाध्यमांवर त्याच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा मारा झाला. विदिंग्टनमधल्या भिंतीवर अ‍ॅक्से या चित्रकाराने काढलेलं त्याचं भित्तिचित्र रात्रीत विद्रूप केलं गेलं. दुसऱ्या दिवशी लोक तिथे जमले आणि कागदी हृदयं, चिठ्ठ्या, मुलांनी काढलेली चित्रं चिकटवून त्यांनी तो भाग झाकून टाकला. चिठ्ठी लावायला आलेल्या काही जणांची तिथेच ओळख झाली, आणि चिठ्ठीच्या पुढे जाऊन काही टिकाऊ करावं या बोलण्यातून हा गट तयार झाला.

अडचण

इच्छा पक्की होती, पण तिला घाट नव्हता. जुलैअखेरच्या पहिल्या बैठकीत चार वेगवेगळ्या गोष्टींची एकच गोष्ट करून टाकली गेली: खेळाडूला आपलं प्रेम दिसावं, भुकेल्या मुलांपर्यंत पैसा जावा, टीकाकारांना उत्तर मिळावं, आणि हंगामभर काही मजाही यावी. या चारही गोष्टी एका कल्पनेत बसतात असं वाटलं, ती कल्पना म्हणजे गोलमागे देणगी. रॅशफर्डने गोल केला की प्रत्येकाने ठरलेली रक्कम द्यायची.

४८ जणांनी नावं दिली. सरासरी रक्कम गोलमागे दोन पौंड. २०१९-२० मध्ये त्याने सर्व स्पर्धांत मिळून २२ आणि २०२०-२१ मध्ये २१ गोल केले होते, म्हणून अंदाज २० गोलांचा धरला. ४८ गुणिले २ गुणिले २०, म्हणजे १,९२० पौंड. हा आकडा मोठ्या अक्षरांत पत्रकावर छापला गेला.

पत्रक छापून झालं आणि बातमी आली की खांद्यावर शस्त्रक्रिया होणार असल्यामुळे रॅशफर्ड ऑक्टोबरपर्यंत खेळणार नाही.

पहिला निर्णय: पैसा कोणाला

हा भाग गटाने चांगला हाताळला. तीन पर्याय समोर होते: फेअरशेअर, परिसरातली फूड बँक (गरजूंना मोफत शिधा देणारं केंद्र) आणि एका प्राथमिक शाळेतला सकाळच्या नाश्त्याचा उपक्रम.

फेअरशेअर नेमकं काय करते, याबद्दल गटात गैरसमज होता. काहींच्या डोळ्यांसमोर असं चित्र होतं की चाहत्यांनी डबे गोळा करायचे आणि गाडीत भरून फेअरशेअरच्या गोदामात पोहोचवायचे. ती संस्था तशी चालत नाही. ती कारखाने, शेतं आणि सुपरमार्केट यांच्याकडचं शिल्लक पण चांगलं अन्न मोठ्या प्रमाणावर, पॅलेटच्या (माल रचायच्या मोठ्या फळीच्या) हिशोबाने उचलते आणि शाळा, निवारे, सामुदायिक स्वयंपाकघरं अशा संस्थांना पुरवते. तिला उपयोग होतो तो पैशाचा, कारण गोदामं, शीतगृहं आणि गाड्या चालवायचा खर्च त्यातून निघतो. घरगुती पिशवीतले डबे घ्यायची सोय असते ती स्थानिक फूड बँकेकडे.

शाळेचा पर्याय मनाला सगळ्यांत जवळचा होता, तरी तो मागे पडला. मुलं ओळखू येतील अशी शक्यता होती, शाळेला दर महिन्याला ठरावीक रक्कम हवी होती आणि गोलांवर अवलंबून असलेला गट तसा शब्द देऊ शकत नव्हता. हे कारण त्या वेळी फक्त शाळेपुरतं लागू केलं गेलं. ते फूड बँकेलाही तितकंच लागू होतं, कारण तिलाही दर आठवड्याला शेल्फ भरावंच लागतं. ही पहिली सूचना होती आणि ती निसटली.

ठरलं असं: पैसा फेअरशेअरला, डबे फूड बँकेला. धर्मादाय आयोगाच्या नोंदवहीत दोन्ही संस्थांचे नोंदणी क्रमांक तपासले गेले. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि प्रसिद्ध खेळाडूच्या नावाने खोटी पानं उघडली जातात म्हणून ते कधीच टाळू नये.

दुसरा निर्णय: पैसा गोळा कसा करायचा

खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यात पैसे घेऊन शेवटी एकदम भरावेत, असा पहिला प्रस्ताव होता. तो नाकारला गेला, आणि ते बरं झालं. गैरव्यवहाराचा संशय हे एक कारण झालं, पण त्याहून मोठं कारण करसवलतीचं होतं.

ब्रिटनमध्ये गिफ्ट एड नावाची योजना आहे. करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडावर धर्मादाय संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मागता येतात. अट अशी की देणगी देणाऱ्याच्या स्वतःच्या पैशाची हवी, त्याने स्वतः घोषणा केलेली हवी, घरचा पत्ता दिलेला हवा आणि त्या वर्षी तेवढा कर भरलेला हवा. ३० जणांचे पैसे खजिनदाराने आपल्या नावाने भरले, तर त्यावर गिफ्ट एड मागता येत नाही. मागितला तर ती खोटी घोषणा ठरते. गट स्वतः नोंदणीकृत धर्मादाय संस्था नसल्यामुळे त्यालाही तो मागता येत नाही. म्हणून देणगी थेट संस्थेच्या नावाने उघडलेल्या ऑनलाइन पानावर जावी, किंवा रोख घ्यायची तर प्रत्येकाचं नाव, पत्ता, रक्कम आणि खूण असलेला प्रायोजकत्वाचा तक्ता भरून संस्थेकडे द्यावा, हे दोनच रस्ते उरतात. गटाने ऑनलाइन पान निवडलं.

इथे एक बारीक मेख होती. अशा पानांवर कार्डने दिलेल्या प्रत्येक व्यवहारामागे टक्केवारी आणि वर ठरावीक काही पेन्स कापले जातात. ठरावीक भाग २० पेन्स धरला, तर दोन पौंडांच्या देणगीतला दहावा हिस्सा तिथेच जातो. दर गोलनंतर दोन-दोन पौंड भरायला लावणं म्हणजे पैसे गळतीला लावणं. म्हणून हंगामाच्या शेवटी सगळे गोल मोजून एकदाच भरायचं ठरलं. शुल्काच्या दृष्टीने हे बरोबर होतं. मात्र पैसा मे महिन्यापर्यंत येणारच नव्हता, आणि शब्द देणं व पैसे देणं यांच्यात दहा महिन्यांचं अंतर पडलं.

गोल म्हणजे काय, हेही लिहून ठेवलं गेलं नव्हतं. इंग्लंडकडून केलेला गोल धरायचा का? मित्रत्वाच्या सामन्यातला? पेनल्टी शूटआउटमधला, जो खेळाडूच्या खात्यात अधिकृतपणे जमाच होत नाही? या हंगामात वाद झाला नाही तो केवळ तशी वेळ आली नाही म्हणून.

तिसरा निर्णय: नाव आणि चेहरा

गटातल्या दोघांना टी-शर्ट काढायचे होते: पुढे रॅशफर्डचं छायाचित्र, पाठीवर त्याचा १० क्रमांक, दंडावर क्लबचं बोधचिन्ह, आणि नफा देणगीत. हेतू चांगला असला की परवानगी लागत नाही, असा समज सर्रास आढळतो. क्लबचं बोधचिन्ह हा नोंदणीकृत ट्रेडमार्क असतो. छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराकडे किंवा वृत्तसंस्थेकडे असतो, खेळाडूकडेही नसतो. चेहऱ्यावर इंग्लंडच्या कायद्यात स्वतंत्र हक्क नाही, पण त्या व्यक्तीने वस्तूला संमती दिली आहे असा ग्राहकाचा समज होत असेल तर दावा लागू शकतो. गायिका रिहानाने टॉपशॉपच्या टी-शर्टवरून केलेला असाच दावा २०१५ मध्ये अपील न्यायालयातही टिकला. शिवाय एखाद्या व्यावसायिक छपाईवाल्याने ‘इतका हिस्सा अमुक संस्थेला’ असं सांगून माल विकायचा, तर संस्थेशी लेखी करार करावा लागतो आणि नेमकी रक्कम ग्राहकाला सांगावी लागते.

गटाने टी-शर्ट सोडून दिले. पत्रकावर स्वतः काढलेली अक्षरं आणि लाल रंग, एवढंच ठेवलं. मजकुरात ‘फेअरशेअरच्या मदतीसाठी’ असं लिहिलं, ‘फेअरशेअरतर्फे’ असं लिहिलं नाही. पहिल्यात गट स्वतंत्र आहे हे कळतं, दुसऱ्यात संस्थेची जबाबदारी सुचवली जाते. खेळाडूचा उल्लेख एका वाक्यात होता: त्याच्या कामातून प्रेरणा घेऊन चाहत्यांनी चालवलेला उपक्रम, त्याच्याशी किंवा क्लबशी अधिकृत संबंध नाही. हे वाक्य कोरडं आहे अशी तक्रार झाली. आमच्या मते पत्रकातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तेच होतं.

काय घडलं

रॅशफर्ड १६ ऑक्टोबरला परतला आणि लेस्टरविरुद्ध त्याने गोल केला, सामना मात्र ४-२ ने गेला. २० तारखेला अटलांटाविरुद्ध दुसरा, ३० तारखेला टॉटनहॅमविरुद्ध तिसरा. पंधरा दिवसांत तीन गोल झाल्यावर गटात उत्साहाला उधाण आलं. ९ नोव्हेंबरला विंडसर किल्ल्यात त्याने एमबीई हा ब्रिटिश सन्मान स्वीकारला, तेव्हा आणखी काही जणांनी नावं देण्याची तयारी दाखवली.

आणि मग गोल थांबले. नोव्हेंबर गेला, प्रशिक्षक सोल्शार यांना हटवलं गेलं, डिसेंबर संपला, गोल नाही. गटाच्या चॅटवरची भाषा बदलू लागली. हुकलेल्या संधीला आता देणगीचा आकडा चिकटला होता. ‘हा चेंडू आत गेला असता तर ९६ पौंड आले असते’ अशा तऱ्हेचे संदेश येऊ लागले. मोहिमा सोडून त्याने खेळावर लक्ष द्यावं, हे टीकाकारांचं वाक्य गटातलेच काही जण लिहू लागले. ज्याच्या पाठीशी उभं राहण्यासाठी गट जमला होता, त्याच्या प्रत्येक चुकीचा हिशोब आता तोच गट ठेवत होता. आमच्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यांत गंभीर बिघाड हा होता, पैशाचा तुटवडा त्याच्या नंतर येतो.

अन्नाची गरज दरम्यान उलट दिशेने चालली होती. साथीच्या काळात युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी भत्त्यात दिलेली आठवड्याला २० पौंडांची वाढ ऑक्टोबर २०२१ मध्ये बंद झाली होती आणि हिवाळा सुरू झाला होता. मागणी चढत असताना या गटाकडून येणारी रक्कम मात्र एका आघाडीपटूच्या खांद्यावर, लयीवर आणि प्रशिक्षकाच्या निवडीवर टांगलेली होती.

मध्यावरचे पर्याय

डिसेंबरअखेरच्या बैठकीत पाच पर्याय चर्चेला आले. आहे तसंच चालू द्यायचं, हा पहिला. गोलमागची रक्कम दुप्पट करायची, हा दुसरा, पण शून्याची दुप्पट शून्यच राहते. संपूर्ण संघाचे गोल धरायचे, हा तिसरा. युनायटेडने त्या हंगामात लीगमध्ये ५७ गोल केले, म्हणजे आकडा स्थिर झाला असता, पण गोलमागे दोन पौंडांचा शब्द दिलेल्या माणसावर शंभराच्या वरचं बिल आलं असतं, म्हणून दर पेन्समध्ये पुन्हा ठरवावा लागला असता. चौथा, गोल सोडून दरमहा ठरावीक रक्कम, बँकेच्या स्थायी आदेशाने. पाचवा, घरच्या सामन्यांआधी डबाबंद अन्न गोळा करणं, जसं लिव्हरपूल आणि एव्हर्टनच्या चाहत्यांनी २०१५ पासून एकत्र येऊन केलं आहे.

पारडं फिरवलं ते गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या मुद्द्याने. तिने कालक्रम मांडला: २०२० च्या मार्च ते जून या काळात रॅशफर्डच्या खात्यात एकही गोल नव्हता, आणि आपण ज्या कामासाठी त्याला मानतो त्याचा पहिला, मोठा भाग त्याच काळातला आहे. त्या वेळी गोलमागे देणगीची योजना असती तर जमा रक्कम शून्य झाली असती. यानंतर पहिल्या तीन पर्यायांवर फार बोलणं झालं नाही.

चौथा आणि पाचवा पर्याय एकत्र स्वीकारले गेले. जुन्या कबुलीतून कोणालाही मोकळं होण्याची मुभा दिली गेली. गोलांचा आनंद अगदीच जाऊ नये म्हणून एक हलकी गोष्ट ठेवली: रॅशफर्डने गोल केला की पुढच्या सामन्याला येणाऱ्याने एक डबा जास्त आणायचा. चॅटचे दोन भाग केले. एकात फक्त तारखा, कामं आणि हिशोब, दुसऱ्यात सामन्यांवर हवं ते बोला. दहा सेकंदांत होणारा हा बदल ऑगस्टमध्येच झाला असता तर बराच मनस्ताप वाचला असता.

मैदानाबाहेरचं संकलन: तपशील

पहिला अर्ज चुकीच्या दारात गेला. क्लबचं नाव मँचेस्टर, म्हणून गटाने मँचेस्टर महापालिकेकडे विचारणा केली. ओल्ड ट्रॅफर्ड मैदान ट्रॅफर्ड परिषदेच्या हद्दीत येतं. रस्त्यावर पैशांची बादली घेऊन उभं राहायचं तर त्या परिषदेचा परवाना लागतो आणि त्यासाठी काही आठवडे हाताशी ठेवावे लागतात. मैदानाचं आवार खासगी आहे, तिथे क्लबची परवानगी. गटाने रोख रक्कम घ्यायचीच नाही असं ठरवलं. फक्त अन्न स्वीकारलं, आणि तेही परवानगी घेतलेल्या एका खासगी जागेसमोर.

वेळेचा अंदाज दोन सामन्यांत आला. सामन्याआधी तीन तास ते एक तास हा उपयोगाचा काळ. शेवटच्या अर्ध्या तासात कोणी थांबत नाही, सामन्यानंतर तर नाहीच. आठवड्यातल्या रात्रीच्या सामन्यांना लोक थेट कामावरून येतात, हाती काही नसतं, म्हणून ते सामने वगळले. मोठ्या पिशव्या मैदानात नेता येत नाहीत, त्यामुळे माणूस फार तर कोटाच्या खिशात मावेल तेवढं आणतो. पत्रकावर ‘अन्न आणा’ असं लिहिण्यापेक्षा ‘एक डबा, खिशात’ असं लिहिल्यावर जास्त जमू लागलं.

काय मागायचं हे दर महिन्याला फूड बँकेला विचारून ठरवलं. न विचारता मागितलं की बीन्स आणि पास्ता यांचा ढीग लागतो, आणि ते दोन्ही तिथे आधीच भरपूर असतात. कमतरता होती ती डबाबंद मासे आणि मांस, टिकाऊ दूध, डबाबंद फळं, बटाटे, लहान बरणीतली कॉफी यांची. डबे शक्यतो ओढून उघडायच्या झाकणाचे, कारण निवाऱ्यात किंवा तात्पुरत्या खोलीत राहणाऱ्याकडे ओपनर असेलच असं नाही. तारीख पाहताना दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवायचे: ‘या तारखेपर्यंतच वापरा’ ही सुरक्षिततेची मर्यादा, ती ओलांडलेलं अन्न देता येत नाही. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ हा दर्जाचा अंदाज, त्यावर फूड बँक स्वतःचा निर्णय घेते. उघडलेली, फुगलेली किंवा शिवणीवर चेपलेली पाकिटं नि डबे तिथल्या तिथे बाजूला.

४०० ग्रॅमचे २४ डबे एका क्रेटमध्ये भरले की वजन ११-१२ किलोंच्या आसपास जातं. दोन माणसांना उचलायला ते ठीक. त्याहून जास्त भरलं की क्रेटचा तळ जातो किंवा पाठ. क्रेटवर आत काय आहे ते लिहून, वजन करून, फूड बँकेच्या उघड्या वेळेतच पोहोचवायचं. पहिल्यांदा शनिवारी संध्याकाळी गाडी गेली तेव्हा दार बंद होतं, आणि सगळा माल एकाच्या घराच्या बोळात सोमवारपर्यंत पडून राहिला. चौकशीचा एक फोन कमी पडला.

निष्पत्ती

रॅशफर्डने जानेवारीत आणखी दोन गोल केले: १९ तारखेला ब्रेंटफर्डविरुद्ध आणि २२ तारखेला वेस्ट हॅमविरुद्ध, भरपाई वेळेतला विजयी गोल. तिथे त्याचा हंगामाचा आकडा थांबला. एकूण ५.

जुन्या कबुलीप्रमाणे ४८ जणांकडून ४८० पौंड यायला हवे होते. ३४ जणांनी भरले, ३४० पौंड आले. उरलेल्या १४ जणांपैकी काहींनी दिलेली मुभा घेतली, काहींचे फोन क्रमांक बदलले होते, आणि काहींनी तीनदा आठवण करूनही उत्तर दिलं नाही. जुलैमधल्या त्या आठवड्यात भारावून शब्द दिलेली ही माणसं होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. भर ओसरण्याआधी पैसे देण्याची सोय त्यांच्यापुढे ठेवली गेली नव्हती.

दरमहा तीन पौंडांच्या योजनेत ३१ जण आले. जानेवारी ते मे, पाच महिने, ४६५ पौंड. त्यातल्या २२ जणांची गिफ्ट एड घोषणा होती. प्रत्येकी १५ पौंड धरले तर ३३० पौंडांवर आणखी ८२ पौंड ५० पेन्स. म्हणजे निम्म्या हंगामात, कमी माणसांत, गोलमागच्या योजनेपेक्षा जास्त पैसा आला, आणि तो दर महिन्याला आला. सहा सामन्यांआधीच्या संकलनातून साधारण अर्धा टन अन्न फूड बँकेत पोहोचलं.

पुढच्या हंगामात मोह परत आला. २०२२-२३ मध्ये रॅशफर्ड बहरला, सर्व स्पर्धांत ३० गोल, त्याच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम आकडा. जुनी योजना सुरू ठेवली असती तर कागदावर २,८८० पौंड झाले असते, ही हळहळ गटात उघडपणे व्यक्त झाली. पण त्यात प्रत्येकावर ६० पौंडांचा भार आला असता. शब्द देताना लोकांनी मनात ४० धरले होते, आणि ४० च्या वेळीही सगळे भरतील अशी खात्री नव्हती. महागाई वाढत असताना काही देणगीदार स्वतःच फूड बँकेच्या उंबऱ्याशी आले होते. गटाने मासिक योजनाच ठेवली. २०२३-२४ मध्ये त्याचे गोल ८ वर आले, आणि निधीवर त्याचा परिणाम झाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

गोलमागे देणगी ही कल्पना मुळात टाकाऊ नाही. एखाद्या सामन्यापुरती, एखाद्या महिन्यापुरती ती लोकांना जमवते. पण ती वापरायचीच तर किमान आणि कमाल रक्कम आधी ठरवावी: गोल शून्य झाले तरी दहा पौंड, कितीही झाले तरी चाळीस. किमान रक्कम नाव देतानाच भरून घ्यावी, आणि उरलेल्या भागासाठी कोणते गोल धरायचे ते एका ओळीत लिहावं. लक्ष्याचा आकडा मागच्या हंगामाच्या सरासरीवरून छापू नये. खेळाडू जखमी होतो, बदली होतो, क्लब बदलतो. छापायचाच तर किमान रकमेवरून येणारा आकडा छापावा, इथे तो ४८० पौंड झाला असता, आणि योगायोगाने ५ गोलांचा हिशोबही तितकाच होता.

फूड बँकेला पहिल्या बैठकीलाच बोलवायला हवं होतं. गट डिसेंबरपर्यंत तिच्याशी पत्रकापुरताच बोलला. तुम्हाला मदत कधी लागते, एवढा एक प्रश्न जुलैत विचारला असता तर मे महिन्यात एकदम पैसे देण्याचा बेत तिथेच बाद झाला असता.

खेळाडूकडून दाद मिळावी ही अपेक्षा गटाने बोलून दाखवली नाही, तरी ती होती. क्लबच्या पत्त्यावर दोन पत्रं गेली, उत्तर आलं नाही, आणि काही जण त्यावरून नाराज झाले. एवढ्या प्रसिद्ध खेळाडूच्या नावाने येणाऱ्या पत्रांचा ओघ पाहता उत्तर न येणं हेच अपेक्षित असतं. नव्या सदस्याला हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं तर पुढचा रुसवा टळतो. रॅशफर्डने जे मागितलं होतं ते सरकारकडे आणि समाजाकडे मागितलं होतं: मोफत जेवणाची पात्रता वाढवा, सुट्टीतल्या योजना वाढवा, लहान मुलांच्या मातांना मिळणारं हेल्दी स्टार्टचं आठवड्याचं व्हाउचर ३.१० वरून ४.२५ पौंड करा. शेवटची मागणी एप्रिल २०२१ मध्ये अमलात आली. युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या इंग्लंडमधल्या सगळ्या कुटुंबांतल्या मुलांना शाळेत मोफत जेवण देण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली, सप्टेंबर २०२६ पासून.

गटाने आपल्या खासदाराला पत्र लिहिण्याचं काम या सगळ्यात एकदाही हाती घेतलं नाही. ४८ माणसांनी आपल्या मतदारसंघाच्या पत्त्यासह प्रत्येकी एक पत्र पाठवायला एक संध्याकाळ पुरली असती, आणि रॅशफर्डच्या १५ जूनच्या पत्राच्या सगळ्यांत जवळ जाणारं काम तेच होतं. सध्याच्या समितीने ते पुढच्या हंगामाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर घेतलं आहे.